जोडीदाराला मधुमेह, व्यायामाला वेळ नाही: तुम्ही घरी नेमकं काय केलंत?

तलावपाळीकर
रविवार, रात्री १०.२०

बायकोला (वय ४७, शाळेत शिक्षिका) गेल्या जूनमध्ये डायबेटिस निघाला. तो येऊ शकतो हे आम्हाला एकोणीस वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. मुलीच्या वेळी गरोदरपणात तिची शुगर वाढली होती, शेवटचे दोन महिने इन्सुलिन होतं. बाळंतपणानंतर सगळं नॉर्मल झालं आणि डॉक्टरांनी बजावलं की तपासणी सोडू नका, चालायला लागा. पहिली दोन वर्षं तपासलं. मग तिची नोकरी, मुलीची शाळा, माझ्या वडिलांचं आजारपण यात राहून गेलं. जूनमध्ये एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) ८.४ आला.

पुढचे चार महिने मी जे केलं ते आधी लिहितो, कारण ते चुकलं आणि बऱ्याच घरांत तेच चाललेलं असेल. मी तिला पावलं मोजणारं घड्याळ आणलं आणि त्याचं अ‍ॅप माझ्याही फोनवर घेतलं. दुपारी चारला ऑफिसातून फोन करायचो, "आज एकवीसशेच झाली?" रात्री ग्लुकोमीटरचा आकडा वहीत मीच लिहायचो. आकडा चढलेला दिसला की "आज चालली नाहीस ना" हे तोंडातून निघायचंच. माझ्या मोठ्या काकांचा पाय याच दुखण्यात गेला, ते मी लहानपणी पाहिलंय. ती भीती माझ्या मनातून जात नव्हती आणि मी ती रोज तिच्या अंगावर टाकत होतो.

एके दिवशी तिने घड्याळ काढून कपाटाच्या खणात ठेवलं. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "शाळेत मी मुलांची हजेरी घेते, घरी तू माझी घेतोस." त्यानंतर महिनाभर ती चाललीच नाही.

नोव्हेंबरात तिला ताप आला आणि आठ दिवस संध्याकाळचं घर माझ्याकडे आलं. आईचा चहा, आईची सातची गोळी, भाजी निवडणं, कणीक, कुकर, मशीनमधले कपडे वाळत घालणं, इस्त्रीवाला, दुसऱ्या दिवशीच्या डब्यांची तयारी. सहा ते साडेआठ या अडीच तासांत सलग वीस मिनिटं मला एकदाही मिळाली नाहीत. आणि मी तिला चार महिने विचारत होतो की तू रोज पाऊण तास का काढत नाहीस.

डिसेंबरपासून सोमवार ते शुक्रवार संध्याकाळचा स्वयंपाक माझा आहे. मदत म्हणून नाही, माझाच. कुठली भाजी हे तिला विचारायचं नाही, तेल संपत आलंय हे माझ्या लक्षात असायला हवं. तीन दिवस मी घरून काम करतो, त्या दिवशी अडचण येत नाही. ऑफिसच्या दोन दिवशी लोकलने पोचायला सव्वासात होतात, तेव्हा मुलगी कुकर लावते आणि मी येताना स्टेशनजवळच्या केंद्रातून पोळ्या घेतो. बायको पावणेसातला शाळेतल्या दोघी मैत्रिणींबरोबर बाहेर पडते, साडेसातला परत. मी त्यात नाही. सुरुवातीला मला ते लागलं होतं, कारण आपण जोडीने चालू असं चित्र मी मनात धरलं होतं. तिला त्या वेळी शाळेच्या गप्पा हव्या असतात.

जोडीने चालतो ते जेवणानंतर. ताटं सिंकमध्ये तशीच ठेवून पंधरा मिनिटं, घरापासून ठाण्याच्या तलावपाळीपर्यंत (तळ्याकाठच्या रस्त्यापर्यंत) आणि परत. त्या पंधरा मिनिटांत शुगर हा शब्द काढायचा नाही, हे आम्ही ठरवलंय. आकड्यांची वही आता तिच्याकडे असते. ती दाखवेल तेव्हा मी बघतो. फेब्रुवारीत एचबीए१सी ७.१ आला. औषधाचा वाटा त्यात मोठा आहे हे मला कळतं, पण औषध जूनपासून तेच आहे आणि ऑक्टोबरात आकडा ७.९ वर अडला होता.

आता माझे प्रश्न. आईला (७८) सून दिवेलागणीला बाहेर जाते हे पटत नाही. "घरात दिवसभर राबते तो काय व्यायाम नव्हे?" असं ती म्हणते. तिला काय सांगू? दुसरं, पाऊस तोंडावर आलाय, तुम्ही पावसाळ्यात काय करता? तिसरं, तिला मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड आहे, आणि गेल्या महिन्यात संध्याकाळी चालताना दोनदा हात थरथरले, घाम फुटला. आणि तुमच्या घरी काय केलंत, काय फसलं, तेही लिहा.

अबोली
रविवार, रात्री ११.०५

वाचनखूण साठवली. "काय भाजी हेही विचारायचं नाही" याला हजारदा अनुमोदन. भाजी चिरायला माझा नवराही तयार असतो, पण कुठली, किती, कशात, हे सगळं मीच सांगायचं. मग मी ट्रॅकवर चालत असते आणि फोनवर फोडणीचं सांगत असते.

पांढरा_कोट
सोमवार, सकाळी ७.४०

मी फिजिशियन आहे. थरथरण्याचं आधी.

मेटफॉर्मिन एकट्याने सहसा शुगर फार खाली नेत नाही. ग्लिमेपिराइड नेऊ शकतं, इन्सुलिनही. दुपारचं जेवण एकला झालं असेल आणि मध्ये काहीच खाल्लं नसेल, तर पावणेसातला भराभर चालताना शुगर ७० च्या खाली जाणं अगदी शक्य आहे. पुन्हा तसं वाटलं तर चालणं थांबवून बसायचं, ग्लुकोमीटर जवळ असेल तर तपासायचं, नसेल तर वाट न बघता १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यायचं, म्हणजे पाण्यात साधारण तीन चहाचे चमचे ग्लुकोज पावडर. १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, आकडा वर आला नसेल तर पुन्हा तेवढंच. चॉकलेट किंवा लाडू त्या घडीला नको, त्यातल्या तुपा-तेलामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. ज्यांना व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू आहे त्यांनी घरातली साखर न घेता ग्लुकोजच घ्यावं, कारण ही औषधं साध्या साखरेचं पचन लांबवतात. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना.

हे दोनदा झालंय म्हणजे तुमच्या डॉक्टरांना याच आठवड्यात सांगा. डोस किंवा वेळ बदलावी लागेल. तुम्ही स्वतः गोळी कमी करू नका, आणि घाबरून तिचं चालणंही बंद करू नका. बरोबरच्या दोन्ही मैत्रिणींना हे सगळं माहीत असायला हवं. ग्लुकोजचं पाकीट कुठल्या खिशात आहे तेही.

तुमचं जेवणानंतरचं चालणं फार योग्य वेळी आहे. स्नायू काम करू लागले की त्यांच्या पेशींतले ग्लुट४ नावाचे वाहक पृष्ठभागावर येतात आणि रक्तातली साखर आत ओढतात. या वाटेला इन्सुलिनच्या धक्क्याची गरज नसते. टाइप २ मध्ये (बहुधा मोठेपणी होणारा, नेहमी दिसतो तो मधुमेह) इन्सुलिनचीच वाट तुंबलेली असते, म्हणून ही दुसरी वाट मोलाची. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात टाइप २ च्या ४१ जणांवर एक अभ्यास झाला, २०१६ साली डायबेटॉलॉजिया या वैद्यकीय नियतकालिकात आला. दिवसातून एकदा ३० मिनिटं चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर १० मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची शुगर सरासरी १२ टक्के कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. आपल्याकडे रात्रीचं जेवण भरपूर आणि मग थेट टीव्ही, म्हणून ही पंधरा मिनिटं सोडू नका.

एकूण लक्ष्य आठवड्याला १५० मिनिटं. लागोपाठ दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको, कारण व्यायामाने इन्सुलिनला मिळालेली धार एक ते तीन दिवसांत बोथट होते. आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना जोर लागेल असं काही तरी हवं. वेग किती? बोलता यावं पण गाता येऊ नये इतका. जोडीने चालताना हे आपोआप कळतं.

आईंना सांगा की त्यांचं अर्धं खरं आहे. घरकाम ही हालचालच आहे, बसून राहण्यापेक्षा कितीतरी बरी. पण ओट्याशी दोन तास उभं राहून दम लागत नाही, ठोके वाढून टिकत नाहीत. २०१४ साली आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहावरच्या देशव्यापी अभ्यासाची पाहणी आली होती, चार भागांतली, त्यात महाराष्ट्र होता. निम्म्याहून जास्त लोक निष्क्रिय निघाले आणि केवळ व्यायाम म्हणून काही करणारे १० टक्केही नव्हते. स्त्रिया पुरुषांपेक्षा मागे होत्या. याच मालिकेच्या २०२३ च्या अहवालात देशात मधुमेह असलेले १०.१ कोटी आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे १३.६ कोटी, असा अंदाज आहे.

निरांजन
सोमवार, दुपारी २.१५

मी थोडं कडवट लिहिणार आहे, समजून घ्या. धागाकर्त्यांचं मनापासून कौतुक. पण आमच्या घरी उलट आहे आणि माझ्यासारख्याच जास्त असाव्यात.

नवरा ५४, बँकेत. आठ वर्षं शुगर आहे. मी साडेपाचला उठते, त्याचे बूट दाराशी काढून ठेवते, उठवते, तो कूस बदलतो. परत उठवते, तो चिडतो. दिवसाची सुरुवातच भांडणाने. गेल्या महिन्यात तपासणीला गेलो, आकडा वाढलेला, आणि डॉक्टर त्याच्याशी न बोलता माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, तुम्ही लक्ष द्या यांच्याकडे." मी बाहेर येऊन रिक्षात रडले. तो मोठा माणूस आहे, बँकेत माणसं सांभाळतो, त्याच्या पायांनी चालायची जबाबदारीही माझीच का? बायकोने पथ्य करायचं, बायकोने उठवायचं, आणि आकडा चढला की दोषही बायकोचा. मला त्याची काळजी आहे, खूप आहे. पण मी दमलेय.

अबोली
सोमवार, दुपारी २.५०

निरांजन, एक घट्ट मिठी. डॉक्टरांनी तसं बोलायला नको होतं.

साधा_माणूस
सोमवार, रात्री ९.३०

निरांजन ताई, मी तुमच्या नवऱ्याच्या जागी होतो. वय ५१, सहा वर्षं डायबेटिस, अकोला. आतून काय वाटतं ते सांगतो.

निदान झालं तेव्हा मला लाज वाटली होती. आपण काहीतरी खाऊन-पिऊन ओढवून घेतलं असं वाटायचं. त्यात सकाळी सकाळी कोणी हलवून उठवलं की दिवसाचा पहिला विचार "मी आजारी आहे" हाच यायचा. पांघरूण ओढून घेतलं की तो विचार अर्धा तास पुढे जायचा. मला आळस नव्हता असं म्हणत नाही, पण आळसाखाली हे होतं. बायकोला मी हे कधीच बोललो नाही, ती बिचारी समजायची की मला तिच्या कष्टांची किंमत नाही.

आमच्याकडे दोन गोष्टींनी फरक पडला. पाहुण्यांसमोर, नातेवाइकांसमोर "यांना शुगर आहे ना, चालायला सांगा जरा यांना" हे तिने पूर्ण बंद केलं. मी मागितलं नव्हतं, तिलाच एकदा माझा चेहरा दिसला. आणि तिने "शुगरसाठी चला" म्हणणं सोडलं. ती "दळण आणायचंय, चला" म्हणते. गिरणी एक किलोमीटरवर आहे, जवळची सोडून मुद्दाम लांबची. जाताना रिकाम्या हाताने, येताना पाच किलोचा डबा आलटून पालटून. देवळात चला, भाजीला चला, मावशीकडे चालतच जाऊ. वर्षभराने मी स्वतःहून सकाळी जायला लागलो. अकोल्याच्या उन्हाळ्यात साडेपाचलाच जावं लागतं, नंतर शक्य नाही.

आणि तुम्ही दमलात हे त्याला सांगा. भांडण चालू असताना नाही, एरवी कधी तरी. डॉक्टरांच्या खोलीतलं आणि रिक्षातलं दोन्ही. मला कोणी असं सांगितलं असतं तर मी लवकर हललो असतो असं वाटतं.

कवडसा
सोमवार, रात्री १०.४०

साधा_माणूस, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून दवाखान्यात लावावा असा आहे.

याविषयी वाचलेलं थोडं सांगते. इंग्लंडमध्ये पन्नाशीपुढच्या ३,७२२ जोडप्यांचा अभ्यास २०१५ साली जामा इंटर्नल मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात आला. बैठं आयुष्य असलेल्या माणसाच्या जोडीदारानेही त्याच काळात हालचाल सुरू केली, तेव्हा साधारण दोन तृतीयांश लोक सक्रिय झाले. जोडीदार बसूनच राहिला तेव्हा जेमतेम पाव. मला त्यातलं जास्त लक्षात राहिलं ते हे, की आधीपासून नियमित व्यायाम करणाऱ्या जोडीदारापेक्षा आत्ता नव्याने सुरू करणाऱ्या जोडीदाराची सोबत अधिक उपयोगी दिसली. दोघंही नवखे, दोघांनाही धाप लागतेय. हे सगळे मधुमेही नव्हते आणि कशामुळे काय झालं हे अशा पाहणीतून ठामपणे सांगता येत नाही, पण माझ्या आईबाबांकडे अगदी असंच झालं.

अमेरिकेत टाइप २ असलेल्या जोडप्यांकडून रोजच्या नोंदी लिहून घेऊन केलेले अभ्यासही आहेत. त्यांत साथ आणि दबाव वेगळे मोजलेत. साथ मिळते तेव्हा माणसाला आपल्याला जमेल असं वाटतं, दबावाने उलट होतं. निरांजन, म्हणजे बूट काढून ठेवणं हे दोन्हीकडे जाऊ शकतं. तुम्ही ते मायेने करता, त्याला तो हुकूम वाटतो.

पांढरा_कोट
मंगळवार, सकाळी ७.२५

निरांजन, व्यवसायबंधूंच्या वतीने माफी मागतो. रुग्ण समोर बसलेला असताना त्याच्या बायकोला सूचना देणं चूकच, आणि ते आमच्याकडून सर्रास होतं.

एक गोष्ट मात्र तुमच्यासाठी. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली आधीचे अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा जोडीदाराला मधुमेह असेल तर दुसऱ्याला तो होण्याची शक्यता २६ टक्क्यांनी जास्त आढळली. रक्ताचं नातं नाही, पण ताट, सोफा आणि झोपेच्या वेळा एकच. तेव्हा तो येवो न येवो, तुम्ही स्वतःसाठी बाहेर पडा आणि तुमचीही एकदा तपासणी करून घ्या. मी बारीक आहे म्हणून नको, असं म्हणू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलेला, त्यांच्या स्वतःच्याच शरीरांचा दाखला बघा. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपली चरबी आरशात दिसत नाही.

गडवाट
मंगळवार, रात्री ११.५०

टाइप १ बद्दल (शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही तो मधुमेह) कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझा बॉयफ्रेंड २९, अकराव्या वर्षापासून इन्सुलिनवर. आम्ही तीन वर्षं एकत्र आहोत, लग्न अजून ठरलेलं नाही. आमची ओळखच ट्रेकमध्ये झाली, त्यामुळे त्याला चालायला लावणं हा माझा प्रश्न कधीच नव्हता. तो चालताना घाबरू नये, हा होता.

दोन वर्षांपूर्वी राजगडावर पाली दरवाज्याच्या पायऱ्यांवर तो एकदम विचित्र वागायला लागला. उलट बोलला, मग गप्प. मला वाटलं रुसलाय. पाच मिनिटं मी पण रुसून पुढे चालले. मागे वळून पाहिलं तर घामाने भिजून बसलेला, शुगर ४८. बॅगेत ग्लुकोज होतं पण त्याच्याच बॅगेत तळाशी, तंबूच्या खाली. त्या दिवसानंतर ग्लुकोज माझ्याही खिशात असतं, आणि चढावर तो विनाकारण चिडला की मी आधी "मोज" म्हणते. यावरून आमचं सुरुवातीला वाजलं, कारण खरोखर राग आला असेल तरी मी मोजायला लावणार का, हा त्याचा प्रश्न रास्त होता. आता ठरलंय, एकदाच म्हणायचं, ७० च्या वर असेल तर मी माफी मागायची आणि त्याचं म्हणणं ऐकायचं.

आम्ही शिकलो ते: ट्रेकच्या आधीच्या खाण्याचं इन्सुलिन किती कमी करायचं हे त्याने त्याच्या डॉक्टरांशी बसून ठरवलं, इंटरनेटवरून नाही. चढायच्या आधी मांडीत टोचत नाही, पाय चालू लागले की तिथलं इन्सुलिन लवकर शोषलं जातं. शुगर २५० च्या वर आणि कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर रक्तात साचणारे आम्लधर्मी पदार्थ) असतील तर त्या दिवशी चढायचं नाही, गाडी पायथ्याशी पोचलेली असली तरी. आणि खरा धोका रात्री असतो, दिवसभर चाललेलं शरीर झोपेतही साखर ओढत राहतं. ट्रेकच्या रात्री तो झोपण्याआधी मोजतो, काही खातो, आणि अंगावर लावलेल्या, शुगर मोजणाऱ्या सेन्सरचा अलार्म माझ्याही फोनवर वाजतो. तलावपाळीकर काकांनी अ‍ॅपबद्दल लिहिलंय ते वाचून विचार करत होते. आमच्याकडे फक्त खाली गेल्याचा अलार्म मला येतो, बाकी आलेख मला दिसत नाही. त्यानेच तसं लावून दिलंय.

गेल्या डिसेंबरात कळसूबाई केलं. १,६४६ मीटर, वर पोचल्यावर शुगर ११२.

कृष्णाकाठ
बुधवार, सकाळी १०.१०

मी सांगलीची, वय ६९. मुलीने हा धागा वाचायला दिला. आमचे हे ७४ वर्षांचे, बावीस वर्षं मधुमेह. तळपायांना मुंग्या येत, आता बधिरपणा आहे. डॉक्टरांनी लांब चालू नका म्हटल्यावर यांनी सगळंच सोडलं. खुर्चीत बसून राहायचे, आयर्विन पुलापर्यंत जायचे ते आठवून उसासे टाकायचे.

फिजिओथेरपीच्या बाईंनी खुर्चीतलेच व्यायाम शिकवले. हात न टेकता खुर्चीतून उठायचं आणि सावकाश बसायचं, दहा वेळा. खुर्चीच्या पाठीला धरून टाचा उचलायच्या. रबरी पट्टा ओढायचा. एका पायावर उभं राहायचं, तेव्हा मी शेजारी उभी, हात पुढे करून. मीही बरोबरच करते, माझे गुडघे दुखतात म्हणून मी सहाच वेळा. सकाळच्या बातम्या रेडिओवर लागल्या की सुरू, संपल्या की बंद. यांना आकडे मोजायला आवडतात, मोठ्याने मोजतात.

रोज रात्री मी यांचे तळपाय बघते. बोटांच्या बेचक्याही. यांना स्वतःला वाकून दिसत नाही आणि खडा टोचला तरी कळत नाही. एकदा चपलेत खिळा वर आलेला होता, दिवसभर घालून फिरले, पत्ताच नाही. तेव्हापासून चप्पल बंद, घरातही मऊ बूट, देवघरात फक्त मोजे. पहिल्यांदा पाय हातात घेतले तेव्हा हे फार अवघडले, "तू कशाला माझे पाय धरतेस" म्हणाले. पन्नास वर्षं माझ्या हातचं जेवताय तेव्हा नाही अवघडलात, असं म्हटलं मी. आता स्वतःच पाय पुढे करतात.

धागाकर्त्यांच्या आईंना माझा निरोप द्या. आमच्या वेळी सासूबाईंनी मला कधी वेळेवर बाहेर जाऊ दिलं नाही, आणि त्यांच्याही सासूबाईंनी त्यांना. त्यांना सांगू नका, त्यांना विचारा की तुम्हाला कधी जावंसं वाटलं होतं का.

मांडवी
बुधवार, रात्री ११.१५

गोव्याहून. माझा नवरा दुबईला आहे, नऊ वर्षं. वर्षातून एक महिना घरी. दोन वर्षांपूर्वी तिकडच्या कंपनीच्या तपासणीत शुगर सापडली. चौघे जण एका खोलीत, जेवण मेसचं, काम बारा तास. मी इथे बसून काय मदत करणार, असं वाटायचं.

आता रोज रात्री आमचे दहा वाजले की तिकडे साडेआठ. तो जेवून झालेला असतो. कानात इअरफोन घालून तो तिकडे चालतो आणि मी इथे अंगणात, वीस मिनिटं. उन्हाळ्यात तिकडे बाहेर चालवत नाही, तेव्हा तो जवळच्या सुपरमार्केटात गार हवेत फेऱ्या मारतो. आधी आम्ही फोनवर पैशांचं आणि मुलाच्या मार्कांचंच बोलायचो. चालताना तो बोलतो ते वेगळं असतं, काय ते मला नीट सांगता येत नाही. व्हिडिओ कॉल लावत नाही, चालणं थांबतं.

पावसाळ्याचं विचारलंत म्हणून: आमच्याकडे चार महिने अंगणात पाणीच. मी घराच्या लांब पडवीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालते. मोजलं नाही, वीस मिनिटं झाली की झालं. ठाण्यात पडवी नसेल, पण इमारतीचा जिना आणि खालचं पार्किंग असेलच.

निरांजन
रविवार, सकाळी ११.३०

सगळ्यांचे आभार. साधा_माणूस यांचा प्रतिसाद मी त्याला वाचायला दिला नाही, मला धीर झाला नाही. पण रिक्षातलं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, तुला त्यांनी असं म्हटलं तेव्हा मी गप्प बसलो, ते चुकलं.

बूट काढून ठेवणं मी थांबवलं. उठवणंही. आज सकाळी एकटी पर्वतीला गेले, कॉलेजनंतर पहिल्यांदा. १०३ पायऱ्यांत तीनदा थांबले. तो मला स्कूटरवरून सोडायला आला होता. वर आला नाही. मी खाली उतरले तेव्हा पायथ्याच्या रस्त्यावर फेऱ्या मारत होता. किती मारल्या ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. पुढच्या रविवारचंही त्याने काही म्हटलेलं नाही. डॉ. पांढरा_कोट, माझी तपासणी उद्या आहे.

तलावपाळीकर
रविवार, रात्री १०.४५

आत्ताच चालून आलो. एक एक सांगतो.

डॉक्टरांकडे गुरुवारी गेलो. ग्लिमेपिराइडचा डोस निम्मा केला आणि दुपारी चारला मूठभर फुटाणे किंवा एक फळ खायला सांगितलंय. मैत्रिणींना बायकोने स्वतः सगळं समजावलं, ग्लुकोजची पाकिटं तिघींच्या पर्समध्ये आहेत. मी विचारलं होतं, मी बोलू का त्यांच्याशी. नको म्हणाली.

गडवाट, अलार्मचं तुमच्या जोडीदाराने ठरवलंय तसं मी घरी सांगितलं. घड्याळ अजून खणातच आहे. घालायचं की नाही हे ती ठरवेल.

मांडवी, जिना मिळाला. सात मजले, ती आणि मुलगी. मला तिसऱ्या मजल्यावर धाप लागते, म्हणून मीही सुरू केलंय. माझी फास्टिंग (उपाशीपोटीची) शुगर १०९ आली. आजवर मी तपासलीच नव्हती.

कृष्णाकाठ काकू, तुमचा प्रश्न मी आईला विचारला. कणीक मळत होतो, ती शेजारी स्टुलावर बसली होती. म्हणाली, गिरगावात राहायचो तेव्हा चौपाटी दहा मिनिटांवर होती, संध्याकाळी गार वारा यायचा, गॅलरीतून कळायचा. एकटीने कधी गेले नाही, तुझे बाबा सुट्टीला नेतील तेव्हाच. मग पुढे काही बोलली नाही, माझ्या हातातली परात ओढून घेतली आणि म्हणाली, पाणी जास्त झालंय, अजून थोडं पीठ घे. बायको साडेसातला आली तेव्हा आईने विचारलं, "तळ्यावर वारा होता का गं?"